प्रेशर सोडून

होसपेटे
२४ फेब्रुवारी १९९९

॥ श्री ॥

चि. वनजास मालोजीअण्णाचा आशीर्वाद.

पत्र लिहायला हात होत नाही, तरी लिहितो. फोनच्या बूथवर उभं राहून असलं बोलायला जमत नाही, मागं माणसं उभी असतात.

भुजंग गेल्याचा निरोप आला तेव्हा आम्ही इथल्या नव्या शेडच्या छपरावर होतो. लगेच निघावं असं फार वाटलं. पण आठ माणसं आणि मशीन माझ्या जिम्म्यावर. फोरमन हलला की काम बंद. रुक्मिणीमावशीला सांग, मालोजीला यायला जमलं नाही म्हणून. तिच्या हातचं खाऊन मी मोठा झालो आणि तिच्या मुलाला मीच या पेंटिंगच्या कामावर आणला. तिच्यासमोर कुठल्या तोंडानं यायचं?

झालं ते असं. नंजनगूडच्या कारखान्याचं काम संपत आलं होतं. ९ तारखेला दुपारी स्प्रे गनच्या तोंडाची टिप चोंदली. भुजंग ती साफ करत होता, तेव्हा डाव्या हाताच्या बोटाला जरा टोचलं. टाचणी टोचल्याएवढं. रक्त पण नाही आलं. काही नाही म्हणून तोच म्हटला. दोन दिवसांनी आम्ही सामान घेऊन इकडं आलो. तो सुट्टी घेऊन घरी राहिला. पुढं असं होईल हे कुणाला माहीत? त्याला साखर होती, त्यानं वाढलं असं ऐकलं.

सोबत कंपनीचा फॉर्म आहे. घरातल्या शिकलेल्या माणसाची सही लागते. बायको म्हणून नागरत्नानं करायची, पण तिला इंग्रजी येत नाही, म्हणून तुझं नाव घातलं. फुली केलीय तिथं सही करून पाठव. सुम्मने, नुसती फॉरमॅलिटी आहे, फाइल बंद व्हायला.

तब्येतीला जप. मावशीला जप.

मालोजीअण्णा


सरस्वतीपुरम, म्हैसूर
६ मार्च १९९९

मालोजीअण्णांस वनजाचा नमस्कार.

तुमचं पत्र दहाव्याच्या दिवशी आलं. वर तुम्ही श्री घातला होता. सुतकातल्या पत्रावर आपल्यात कोणी श्री घालत नाही. हाताला सवय असेल. मी ते आईला दाखवलं नाही, नुसतं तुम्हाला यायला जमलं नाही एवढं सांगितलं.

तुम्ही टाचणीएवढं लिहिलं आहे. मीही तेवढंच पाहिलं होतं. त्या संध्याकाळी तो घरी आला, बोट मला दाखवलं आणि जेवला. दुसऱ्या दिवशी देवराज मोहल्ल्यातल्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पट्टी बांधली. तिसऱ्या दिवशी बोट वांग्यासारखं झालं होतं. चौथ्या दिवशी मोठ्या हॉस्पिटलात नेलं, तेव्हा सर्जननं हात मनगटापर्यंत उघडला. आतून रंग निघाला. राखी रंग, तुमच्या शेडचा. बोटापासून तळव्यापर्यंत आणि तिथून वर, शिरेच्या बाजूनं, ओघळ गेल्यासारखा. सर्जन म्हणाले, पहिल्या तासात आणलं असतं तर बोट गेलं असतं, माणूस नसता गेला. मग बोट काढलं, मग हात काढला, आणि १७ तारखेला तो गेला. त्या खोलीतला वास माझ्या नाकातून अजून जात नाही. थिनरचा आणि सडल्याचा, दोन्ही एकत्र. त्याचे कामाचे शर्ट मी धुतले नाहीत, फेकले. जेवणाचा पहिला घास तोंडाशी नेला की ओकारी येते. समाचाराला येणारे केळी आणि मोसंबी आणतात, ती तशीच सडतात, आणि मला त्यांचाही राग येतो.

फॉर्म मी वाचला. सातव्या ओळीत लिहिलं आहे की मृत कामगारानं मशीनजवळ लावलेली लेखी सूचना पाळली नाही आणि निष्काळजीपणानं स्वतःला इजा करून घेतली. याला तुम्ही फॉरमॅलिटी म्हणता. भुजंग स्कूटरला किक मारण्याआधी स्टँड तीनदा बघायचा. गॅसचा नॉब बंद केला का म्हणून रस्त्याच्या कोपऱ्यावरून परत यायचा, नागरत्ना हसायची. त्याला निष्काळजी लिहून त्याखाली मी सही करणार नाही.

नागरत्ना सांगते, शुद्ध जायच्या आधी तो तिला दोनदा म्हणाला, "मी कार्डात होतं तसंच केलं. अक्काला विचार." त्याची अक्का, थोरली बहीण, मीच. कार्डाची चौकशी मी करावी असं त्याला म्हणायचं असणार, म्हणून करते. ते मशीनजवळचं कार्ड कंपनीनं छापलं की तुम्ही लिहिलं? त्यावर काय आहे ते शब्द न् शब्द कळवा. मशीनचं इंग्रजी पुस्तक मला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी तो ते घरी घेऊन आला होता, मीच त्याला वाचून दाखवलं. टिपला हात लावण्याआधी मशीनमधलं प्रेशर पूर्ण काढायचं हे त्यात मोठ्या अक्षरांत आहे. तुमच्या कार्डावर ते आहे का?

वनजा


होसपेटे
१५ मार्च १९९९

चि. वनजास आशीर्वाद.

शाळेत पोरांचे पेपर तपासतेस तसं माझं पत्र तपासलंस. श्री घातला ते चुकलं. घालताना लक्षात आलं नाही. आगली, असू दे, त्याबद्दल तू मला काय म्हणायचं ते म्हण.

तू हाताचं लिहिलंस ते वाचून दोन दिवस मला पण जेवण गेलं नाही.

कार्डाचं म्हणशील तर ते जुनं झालंय. थिनर सांडून सांडून अक्षरं गेली. काय लिहिलं होतं ते आता कुणाला वाचता येत नाही, मला नीट आठवत पण नाही. असंच काहीतरी, मशीन कसं लावायचं, रंग कसा गाळायचा, साफ कसं करायचं. सगळ्या साइटवर असतं तसं. माणसं कुठं वाचतात? बघून बघून शिकतात. इथं पण त्याच मशीनवर काम चाललंय, भुजंगाच्या जागी हयग्रीव गन धरतो. आठवड्याला दोन शेड होतात. कुणाला काही झालं नाही.

सातवी ओळ म्हणजे शिक्षा नाही. कंपनी प्रत्येक फॉर्मवर तसंच टाइप करते. भुजंग कसा होता ते आपल्याला माहीत आहे. कागदाला काय माहीत?

एक सांगतो, वडील म्हणून सांगतो. ते कार्ड-बिर्ड राहू दे. त्याच्या मागं लागू नको. त्यात तुझंच भलं आहे.

मालोजीअण्णा


सरस्वतीपुरम, म्हैसूर
२२ मार्च १९९९

मालोजीअण्णांस,

तुमचं शेवटचं वाक्य मी शाळेच्या स्टाफरूममध्ये वाचलं आणि बसमध्ये परत वाचलं. माझं भलं कशात आहे हे मावसभावानं मला धमकी देऊन सांगावं, अशी वेळ आपल्या घरावर यायला नको होती. भुजंगानं तुम्हाला अण्णा म्हटलं आणि तुमच्या मागून छपरावर चढला. आता त्याच्या माघारी तुम्ही अक्षरं गेली म्हणून लिहिता. तुमचं पत्र हातात धरतानासुद्धा मला किळस वाटली.

तुमच्या गँगमधला गुंडेराव काम टाकून परत आला आहे. भुजंगाचा डबा द्यायला घरी आला होता. त्यानं आपणहून सांगितलं की त्या गनला टिपपुढचा गार्ड नव्हता, महिनाभर आधीच काढून ठेवला होता. गार्ड असता तर बोट टिपला पोचलंच नसतं. तुमच्या दोन्ही पत्रांत गार्डाचं नाव नाही. मी त्याला कार्डाचं विचारलं. तो खाली बघत राहिला. कॉफी तशीच ठेवून उठला आणि गेला. तुम्ही त्यालाही काही शिकवून पाठवलं असावं.

कार्ड कुठल्याही अवस्थेत असेल तसं मला पाठवा. १० एप्रिलपर्यंत आलं नाही तर मी कारखाना निरीक्षकांना पत्र लिहीन. फॉर्म माझ्याकडे आहे, बिनसहीचा.

वनजा


होसपेटे
२ एप्रिल १९९९

वनजास,

कार्ड सोबत आहे. त्याला थिनर-बिनर काही लागलेलं नाही. प्लॅस्टिकमध्ये घातलेलं आहे. मीच घातलं होतं. आधी ते बघ, मग पुढचं वाच.

बघितलंस?

तुझं अक्षर आहे. आपल्या घरच्या मराठीत, कन्नड अक्षरात लिहिलेलं. भुजंगानं आणून दिलं तेव्हा मी म्हटलं, हे बरं झालं. आपल्या पोरांना बालबोध वाचता येत नाही, इंग्रजी येत नाही, कन्नड अक्षर येतं आणि बोलायला मराठी. हे सगळ्यांना कळेल. म्हणून तेच मशीनला बांधलं. भुजंग नव्या माणसाला दाखवायचा, अक्कानं लिहिलंय म्हणून. त्याला त्याचा अभिमान होता.

चौथी ओळ वाच. "प्रेशर सोडून टिप साफ करा." तुझ्या मनात काय होतं ते मला आता कळतं. तेव्हा मला पण कळालं नाही, कुणालाच नाही. आम्ही सगळे पाणी सोडतो तसं समजलो. पाणी सोडून नळी धुवायची, तसं प्रेशर सोडून टिप साफ करायची. म्हणजे मशीन चालू ठेवायचं, प्रेशर चढलेलं ठेवायचं आणि फडक्यानं टिप पुसायची. सगळे दोन वर्षं तसंच करत होते. गार्ड होता तोवर बोट मध्ये येत नव्हतं म्हणून निभावलं. प्रेशरच्या काट्यावर दोनशे किलो असायचे. त्या दिवशी पुसताना दुसऱ्या हाताचा ट्रिगरला धक्का लागला.

म्हणून तुला म्हटलं, मागं लागू नको. तुला ती धमकी वाटली. गुंडेरावाला पण मी काही शिकवलं नाही. त्याला ठाऊक आहे कार्ड कुणाचं ते. तोंड वर करून तुला कसं सांगणार?

आता माझं ऐक. तुझ्या मागं लपलो असं मला नको. गार्ड मी काढायला लावला. कोपऱ्यात गार्डाला रंग साचून ठिपके पडायचे आणि इंजिनियर ओरडायचा. ट्रिगर चुकून दाबला जाऊ नये म्हणून कडी असते, ती कधी कुणी लावली नाही, मी लावायला सांगितली नाही. आणि त्या दिवशी भुजंग बोट घेऊन माझ्याकडे आला. मी बघितलं आणि म्हटलं, "एवढंच? तिंचर लाव आणि घरी जा." काही नाही म्हणून तो नाही म्हटला, मी म्हटलं. पहिल्या पत्रात ते मी त्याच्या तोंडी घातलं. इंग्रजी पुस्तकात टोचण्याबद्दल पान आहे म्हणतात. ते मी बघितलंच नव्हतं, फोरमन असून.

निरीक्षकांना लिहायचं तर लिही. कार्ड आता तुझ्याकडे आहे.

मालोजी


सरस्वतीपुरम, म्हैसूर
३ मे १९९९

मालोजीअण्णांस वनजाचा नमस्कार.

महिनाभर उत्तर लिहिलं नाही. निरीक्षकांनाही लिहिलं नाही. मी तुम्हाला धमकी देणारा म्हटलं, तुमच्या पत्राला किळसवाणं म्हटलं. ते शब्द मागे घेते.

तो कागद मी लिहिला हे मला आठवत नव्हतं असं नाही. भुजंग पुस्तक घेऊन बसला होता, मी दहावीचे पेपर तपासत होते. मराठीत सांगत वाचून दाखवलं, तोंडीही प्रेशर सोडून असंच म्हटलं, मग तो म्हणाला, अक्का, मला तेवढं लिहून दे. पेपर संपवायचे होते, म्हणून शाळेच्या कोऱ्या पानावर सात ओळी लिहिल्या. त्याच्या स्वतःच्या खिशासाठी म्हणून. दोन पेपरांच्या मध्ये. इंग्रजीत पाच पानं होती. टिपपुढे हात धरू नये ही ओळ मी गाळली. एवढं लहान मुलालाही कळतं, हे काय लिहायचं, असं मला वाटल्याचं स्पष्ट आठवतं. त्वचेत रंग शिरला तर काय करायचं ते पान मी वाचूनही दाखवलं नाही. त्यानंतर त्या कागदाचं काय झालं हे मी त्याला कधी विचारलं नाही. कंपनीनं स्वतःचं कार्ड केलं असेल असं धरून चालले.

आता किळस माझीच वाटते. वीस वर्षं मुलांच्या वाक्यांखाली लाल रेघ मारते. अर्थ संदिग्ध, असं समासात लिहिते.

पण तेवढं लिहायला हे पत्र घेतलं नाही. हयग्रीव अजून त्याच मशीनवर आहे. कार्ड तर माझ्याकडे आहे. म्हणजे आता तिथं काहीच नाही, फक्त त्यांची सवय आहे, आणि ती सवय माझ्या ओळीची आहे.

नवा मजकूर करायच्या आधी मला एक बघायचं होतं. एका सकाळी पाणी आलं तेव्हा आई अंगणात झाडांना घालत होती. तिला कारण न सांगता मी म्हटलं, "आई, पाणी सोडून पाइप काढ." तिनं नळ पूर्ण उघडला आणि पाइप ओढायला लागली. पाइप निसटला, ती कमरेपर्यंत भिजली. मी धावत जाऊन नळ बंद केला. ती चिडून म्हणाली, "तूच म्हटलीस ना सोडून म्हणून." नागरत्नालाही दुसऱ्या दिवशी तसंच सांगितलं. तिनंही नळ उघडला. मग मी शाळेत आमच्या शिपाई तिरुमलरावांना सांगितलं. त्यांनी पाणी काढून टाकलं आणि मग पाइप काढला. त्यांची मराठी सोलापूरची आहे. आपल्या घरात त्या शब्दाचा तो अर्थ होतच नाही. हे मला माहीत असायला हवं होतं, मी याच घरात वाढले.

नंतर नवा मजकूर मी ओळीओळीनं दोघींना वाचून दाखवला आणि प्रत्येक ओळीला त्या हातानं काय करतील ते करून दाखवायला लावलं. नळ म्हणजे मोटर, पाइपचं तोंड म्हणजे टिप. नागरत्ना सुरुवातीला उठून आत गेली. नंतर आपणच परत आली आणि "कडी कुठली, ते दाखवा" म्हणाली. जिथं दोघींपैकी एकही अडखळली ती ओळ मी बदलली. नऊ वेळा बदलली. सोडणे हा शब्द त्यात कुठेच नाही. असा आहे:

"काम थांबवताना, टिप चोंदली तर, जेवायला जातानासुद्धा, आधी ट्रिगरची कडी लावा. मोटर बंद करा, प्लग काढा. आता कडी उघडा, गन लोखंडी बादलीच्या काठाला टेकवून धरा आणि ट्रिगर दाबा. आतला रंग बादलीत पडायचा थांबेपर्यंत दाबून ठेवा. मग पंपाचा परतीचा कॉक उघडा आणि उघडाच राहू द्या. काटा शून्यावर आला का बघा. ट्रिगरची कडी परत लावा. एवढं झाल्यावरच टिपला हात. टिप चोंदलेली असेल तर आत जोर उरलेला असतो, म्हणून तिचा नट अगदी सावकाश ढिला करा. गार्ड नसेल तर गन हातात घेऊ नका. टिपच्या पुढे बोट नको, हात नको, फडकं नको, मशीन बंद असलं तरी नको. टोचलं तर, रक्त नसलं तरी, दुखत नसलं तरी, लगेच मोठं हॉस्पिटल. तिंचर नाही, पट्टी नाही, घर नाही. तिथं सांगा, रंग जोरानं आत गेलाय, सर्जनला बोलवा."

कन्नड अक्षरात लिहून दोन प्रती सोबत पाठवल्या आहेत. माणसांना नुसती वाचायला देऊ नका. वाचून करून दाखवायला लावा, प्रत्येकाला.

फॉर्मही पाठवते. सातवी ओळ मी खोडली आहे आणि तिथं लिहिलं आहे: मृत कामगारानं लेखी सूचना तंतोतंत पाळली. ती सूचना चुकीची होती. ती मी, त्याची बहीण, लिहिली. त्याखाली माझी सही आहे. खाली फोरमनच्या सहीची जागा आहे. तिथं गार्डाचं आणि घरी पाठवल्याचं लिहायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी सांगणार नाही.

वनजा


होसपेटे
१४ मे १९९९

वनजास,

कार्ड आलं त्या दिवशी दुपारी काम थांबवलं. इंजिनियर ओरडला, ओरडू दे म्हटलं.

पोरांना बसवून वाचायला लावलं. हयग्रीव म्हटला, "अण्णा, मोटर बंद, प्लग काढला, मग बादली कशाला? आत काय भूत बसलंय?" बाकीचे हसले. मग मी एका रबरी ग्लोव्हमध्ये चिंध्या कोंबल्या, काठीला बांधला आणि कोपऱ्यात उभा केला. मशीनला प्रेशर चढवलं, मोटर बंद केली आणि प्लग काढून त्याच्याच हातात दिला. दुसरा हात मागं ठेवून टिप त्या ग्लोव्हला टेकवली आणि ट्रिगर दाबला. फस्स करून एकदाच आवाज. ग्लोव्ह आणून दाखवला. बाहेर टाचणीएवढं भोक. ते म्हटले, एवढंच. मी पण त्या दिवशी तेच म्हटलं होतं. मग चाकूनं उभा कापला. चिंध्या मनगटापर्यंत राखी झाल्या होत्या. मला तुझं हॉस्पिटलचं पत्र आठवलं. हयग्रीवनं प्लग खाली ठेवला. गन घेतली आणि सगळ्या ओळी करून दाखवल्या. दोनदा. गार्ड दुसऱ्या दिवशी शहरातून नवा आणला.

काल टिप चोंदली होती. मी लांब उभा राहून बघितलं. त्यानं कडी लावली, प्लग काढला, बादली घेतली, कॉक उघडला, काटा बघितला. कार्डाकडं पण दोनदा बघितलं. अर्धा तास गेला. जाऊ दे.

फॉर्मचं. गार्ड मी काढायला लावला आणि बोट बघून मी त्याला घरी पाठवला, असं दोन्ही माझ्या हातानं लिहून सही केली. बहुतेक ह्या कामानंतर मला फोरमन ठेवणार नाहीत. म्हातारा झालोच होतो.

पण तुझी एक ओळ मी खोडली. सूचना चुकीची होती हे ठेवलं, कुणी लिहिली ते काढलं. रागावू नको. तू शाळेत मास्तरीण, त्या कागदाची नक्कल कुठं कुठं जाईल. मावशी आहे अजून. तिच्या कानावर असं जायला नको, मुलगा गेला तो मुलीच्या अक्षरानं म्हणून. एकाचं नाव पुरे आहे. ते माझं असू दे. कंपनीला पाठवायच्या आधी तुला पाठवतोय, एकदा बघून टपालात टाक.

मालोजीअण्णा


सरस्वतीपुरम, म्हैसूर
२१ मे १९९९

मालोजीअण्णांस वनजाचा नमस्कार.

फॉर्म मिळाला. तुमच्या दोन ओळी वाचल्या. त्या लिहायला काय लागलं असेल ते मला कळतं.

माझी ओळ मी पुन्हा लिहिली आहे आणि आज दुपारी फॉर्म रजिस्टर करून कंपनीला पाठवला. तुमच्या पत्राला रागावले नाही. पण दया नको. दयेचीही मला आता शिसारी येते. तुम्ही दीड महिना मला जपलंत, मी महिनाभर गप्प बसले, आणि तेवढे दिवस हयग्रीव गार्डाशिवायची गन हातात घेऊन उभा होता. आपण दोघांनीही तेव्हा त्याचा विचार केला नाही.

दुसरं असं. सूचना कुणी लिहिली ते नसलं तर ती ओळ पोकळ दिसते. कोणीही विचारेल, चुकीची होती तर एवढा काळजी घेणारा माणूस ती डोळे झाकून कशी पाळत होता? बहिणीनं लिहिली होती म्हणून पाळत होता. हेच त्याचं उत्तर आहे आणि ते कागदावर असायला हवं. तो बेफिकीर नव्हता हे दुसऱ्या कुठल्या प्रकारे सिद्ध होत नाही.

आईच्या कानावर दुसऱ्या कुणाकडून जाऊ नये म्हणून काल मीच सांगितलं. स्वयंपाकघरात ती तांदूळ निवडत होती. मी कार्ड पुढे ठेवलं, चौथी ओळ वाचली आणि तिचा मला अभिप्रेत असलेला अर्थ सांगितला. नागरत्ना दारात उभी होती. आईनं तांदळाचं ताट बाजूला सारलं. रडली नाही. मग तिनं विचारलं, "तू काय म्हणतीस ते त्याला कळालं नाही का?"

मी म्हटलं, "कळालं, आई. मी लिहिलं होतं तेच कळालं."

वनजा